फुफू चावत नाहीत

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून सतरा घोट. सतराही नोंदले, पुढच्या पानांवर, त्या एफुआ नर्सच्या रकान्यांत. रुग्णालयातून सोडताना तिनेच ही वही हातात ठेवली. "नाना, प्रत्येक घोट लिहायचा हं. चार आठवड्यांनी मी तपासणार." तपास! पुढची पानं तुझी. मागची माझी. वही उलटी धरून लिहितोय आणि हे तुला कधीच दिसायचं नाही.

आज आठवडा झाला कापून. अर्ध्याहून जास्त जठर काढून टाकलं म्हणे, उरलं ते केळ्याएवढं. टाकलं कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. डॉक्टरला विचारलं तर हसला. अडुसष्ट वर्षं ज्याला पोसलं ते कुठल्या बादलीत गेलं, एवढं विचारलं तर यात हसायचं काय?

पोटावरची पाचही भोकं आरशात पाहिली. डावीकडचं लाल वाटतं. आजोआला दाखवलं. म्हणाली, "अहो, कालही तेवढंच लाल होतं." तिला काय कळतंय! चाळीस वर्षांत बायकोने कधी नीट निरखून पाहिलेलं नाही मला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

याव ब्रेन्याचा फोन. "उस्ताद, माझे सहा किलो गेले! तुमचे किती?"

माझे चार. सांगितलं, काटा बिघडलाय.

हा ब्रेन्या माझ्या लॉरीवर क्लीनर होता. अकरा वर्षं. टायर बदलायचा, मागच्या फळीला लटकून "चला!" ओरडायचा. आता त्याच्या स्वतःच्या तीन गाड्या आहेत आणि आवाज तोच — मागून ओरडणाऱ्याचा. माझ्या पायाच्या अंगठ्याला जखम होऊन ती भरेना, साखर खाली येईना, डॉक्टर पाय कापायचं बोलू लागले, तेव्हा हाच आला. "उस्ताद, पाय कापण्यापेक्षा पोट कापलेलं बरं. मलाही साखर आहे. दोघं मिळून करू." जसं काही बाजाराला निघालोय! एकाच दिवशी, शेजारच्या खाटांवर. मी भूल उतरल्यावर ओकत होतो, आणि हा नर्सला विनोद सांगत होता.

१४ फेब्रुवारी

धीर धरा. डॉक्टर म्हणतो धीर धरा. एफुआ म्हणते धीर धरा. चर्चमधला तो वाकडा वडीलधारा माणूससुद्धा फोनवर — धीर धरा. यांतल्या एकानेही आज दुपारी कोमट पाण्यासारखं कोंबडीचं पाणी चमच्याने प्यायलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच वाजले की शेजारच्या अंगणात तिवा उकडलेल्या कंदांचा फुफू कुटायला बसते. धप. धप. तिचा नवरा मुसळ मारतो, ती उखळीतला गोळा उलटते. नवऱ्याला ताल नाही. तीन ठोके बरे पडले की चौथा चुकतो. चाळीस वर्षं कुटूनही माणसाला ताल येत नसेल तर त्याने नुसता उकडलेला यामकंद खावा!

आमच्या घरी मुसळ बंद आहे. आजोआ जेवायला बहिणीकडे जाते. परत आली की मी तिच्या बोटांचा वास घेतो. आज भेंडीच्या रश्शाचा होता. म्हणते, "हात दोनदा धुतले हो." दोनदा!

१७ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर मंडळी आली. सात जण. अंगाभोवती गुंडाळलेलं कापड माझ्या खांद्यावरून घसरतं हे सगळ्यांनी पाहिलं. एकाने विचारलं, "आजार कोणता?" ऑपरेशन म्हटलं. "हो, पण आजार कोणता?" दुसरी आजोआला बाजूला घेऊन कुजबुजली, "बाई, त्यांना पोटभर वाढत जा गं." मला ऐकू गेलं. पोट गेलंय, कान शाबूत आहेत. जाताना सगळ्यांनी असे हात दाबले की जणू माझ्या मयताचा दिवसच ठरवायला निघालेत.

नंतर नाडी मोजली. ब्याण्णव. पुन्हा मोजली. सत्त्याण्णव. मोजणं बंद केलं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

ब्रेन्या स्वतः आला. विजारीची कंबर पुढे ओढून दाखवली. आत त्याची टोपी मावत होती. दाखवायला टोपी घातलीच आत! असा हा माणूस.

रश्शाची बाटली बरोबर आणली होती. एक घोट घ्यायचा, घड्याळ बघायचा, पुढचा घोट. शाळेतल्या मुलासारखा. मी म्हटलं, "कंटाळा येत नाही का रे तुला?"

"येतो की. पण उस्ताद, बेरेकुमच्या रस्त्यावर चिखलात आपण तीन दिवस अडकलो होतो, आठवतंय? मी म्हणत होतो, रेस करा, रेस करा. तुम्ही म्हणालात — चाकं फिरवली तर गाडी आणखी रुतेल. बसून राहा."

म्हणालो होतो खरं. तेव्हा माझं जठर जागेवर होतं.

त्या रस्त्यावर पावसाळ्यात ओढे भरायचे. मग ब्रेन्या काठी घेऊन पाण्यात उतरायचा, खोली बघायला. मी वर केबिनमध्ये शेंगदाणे खात बसायचो. पाणी त्याच्या कमरेच्या वर आलं की तो हात वर करायचा, मी थांबायचो. नाही केला की गाडी घालायचो. क्लीनर असतो कशासाठी? आज तो मला चिखलातलं शहाणपण शिकवतो.

जाताना म्हणाला, "काही लागलं तर फोन करा." मी करायचा? त्याला?

२० फेब्रुवारी, बुधवार

रुग्णालयात तपासणी. सहा किलो. एफुआने टाळ्या वाजवल्या. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यासाठी टाळ्या! मग बोट वर करून, "नाना, नियम लक्षात आहे ना? अजून दोन आठवडे, जे चावावं लागतं ते काहीही नाही. आतले टाके कच्चे आहेत. उसवले तर पोटात विष पसरतं."

ऐकलं, घरी आलो, कोंबडीचं पाणी घेतलं. पाच वाजता तिवाचं मुसळ सुरू झालं, आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

फुफू चावतं कोण?

आमच्याकडे फुफू चावणाऱ्याला हसतात. बोटांनी तोडायचा, रश्शात बुडवायचा, गिळायचा. दात लागला तर तो पाहुणा किंवा लहान मूल. म्हणजे नियमाप्रमाणे फुफू चालतो! एफुआ किनाऱ्याकडच्या फांटी जमातीची मुलगी, आंबवलेल्या मक्याचे कडक गोळे चावचावून वाढलेली. तिच्या लक्षातच आलं नाही. तिला विचारायचं मनात आलं होतं. पण माझ्यासारख्या असांते माणसाने फुफूबद्दल फांटी पोरीला विचारायचं? इतके वाईट दिवस आलेले नाहीत.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

आजोआ बहिणीकडे गेल्यावर कुंपणावरून तिवाला हाक मारली. म्हटलं, पाहुणा आलाय, थोडा फुफू दे. "कुठाय पाहुणा?" म्हणाली आणि मान उंच करून बघायला लागली. आत झोपलाय म्हटलं. वाडगा भरून दिला. बकऱ्याचा पातळ रस्सा, वर मिरची तरंगत होती.

हात धुतले. बसलो. पहिला गोळा तोडला. सुपारीएवढा. नाही, जरा मोठा. बुडवला. ओठांपर्यंत आणला. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. मिरचीने.

आणि डाव्या खांद्यात कळ आली. एफुआने सांगितलं होतं, खांदा दुखला, ताप आला, तर ताबडतोब या. अजून गिळलंही नव्हतं! तरी आली. गोळा हातात तसाच. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

शेवटी सगळं तिवाच्याच बकरीला घातलं. तिनेही चावलं नाही.

मी घाबरलो नव्हतो. भूकच मेली होती.

साडेसहाला ब्रेन्याचा फोन. अकरा किलो! साखर जवळजवळ बरोबर! डॉक्टर म्हणाला, इतका चांगला रोगी पाहिला नाही! सगळं एका दमात. मी ऐकत होतो आणि कोपरावरचा रस्सा वाळत होता.

म्हटलं, "मी आज फुफू खाल्ला."

"खरंच, उस्ताद?"

"तीन गोळे. बकऱ्याचा रस्सा."

"आणि?"

"आणि काय? बसलोय की तुझ्याशी बोलत."

"पण एफुआ म्हणाली होती..."

"चावायचं ते नको म्हणाली. मी चावला का? तू चावतोस का फुफू?"

मग हसला. पोट धरून हसत असणार, कारण मध्येच "आई गं" म्हणाला. "उस्ताद ते उस्तादच! मला मेल्याला सुचलंच नाही."

अडीच आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

ब्रेन्याला खरं काय ते सांगायला हवं होतं बहुतेक. सकाळी फोन हातात घेतला. मग त्याचं "अकरा किलो!" आठवलं. ठेवला. तो काही खाणार नाही. घड्याळ बघून घोट घेणारा माणूस!

एकवीस घोट.

२४ फेब्रुवारी, रविवार

ब्रेन्याचा फोन नाही. बरं झालं, कानाला विश्रांती.

२५ फेब्रुवारी

आजही नाही. रोज दोनदा करतो तो. मी केला. उचलला नाही. माज आला असेल. बारा किलो झाले असतील.

नाडी एकशे चार. का, कळत नाही. मी तर काही केलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

ब्रेन्याच्या बायकोचा, आमा फोसुआचा, आजोआला फोन. आजोआ उभ्याउभ्याच ऐकत होती. मग खाली बसली.

रविवारी दुपारी ब्रेन्याने आपल्या बहिणीला फुफू कुटायला लावलं. आमा ओरडली, तर म्हणाला, "चालतं, मला माहिती आहे." कुणी सांगितलं ते बोलला नाही. तीन गोळे खाल्ले. मोजून तीन. मग आडवा झाला. संध्याकाळी खांदा दुखायला लागला. सोमवारी सकाळी अंग तापलं, पोट फळीसारखं घट्ट. उचलून नेलं. पुन्हा पोट उघडलं. टाका उसवला होता. अजून शुद्ध नाही.

आजोआ म्हणाली, "इतका शहाणा माणूस! असं कसं सुचलं असेल हो त्याला? आणि तीनच का खाल्ले?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

२७ फेब्रुवारी, बुधवार

गाढव! उस्तादाने सांगितलं म्हणून गिळायचं? अकरा वर्षं माझ्याबरोबर राहिला आणि मी बढाया मारतो हे कळलं नाही त्याला? टेचिमनच्या पोलीस चौकीवर मी काय काय थापा मारायचो, शेजारीच उभा असायचा. आणि उभा राहून मान डोलवायचा. "हो साहेब, उस्ताद म्हणतात तसंच."

मूर्ख माणूस. मूर्ख.

पुढच्या रकान्यांत आज काही नाही. पाणीही उतरत नाही. आजोआने विचारलं, कुठे दुखतंय? मी म्हटलं, तिवाला सांग, दोन दिवस मुसळ बंद ठेव. ती गेली सांगायला. परत आली. म्हणाली, "तिवा पाहुण्याचं विचारत होती. कोण पाहुणा आला होता?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

मी फक्त बोललो. खाल्लं त्याने. हे वाक्य दुपारपासून लिहितोय आणि खोडतोय.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आठ वाजता दारात रुग्णालयाची गाडी. एफुआ धावत आत आली, चपलांसकट. "नाना, ताप? खांदा? पोट दाबलं की दुखतं का? सहा दिवस गप्प कसे बसलात?" आणि माझं पोट दाबूही लागली. मला काही कळेना.

पहाटे ब्रेन्याने डोळे उघडले म्हणे. घशात नळी, बोलता येईना. हाताने कागद मागितला. तो कागद तिने मला दाखवला. अक्षर लॉरीच्या फळीवर खडूने लिहायचा तसंच, वाकडं, मोठं —

उस्तादांनी पण खाल्लाय. आधी त्यांना बघा.

तिला म्हटलं, बाहेर थांब, येतो. कापड गुंडाळून झालं. वही बरोबर घेतोय. तिच्या हातात देणार आहे — मागच्या बाजूने उघडून.