चावला तर परत आणा

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

डाव्या बुटाचा तळ फाटला. आत खडा शिरला होता. घरी येऊन बूट उलटा केला तेव्हा पडला, चांगला चिंचोक्याएवढा. कधी शिरला कोण जाणे.

रुक्साना म्हणाली, "ताई, आता नवीन घेच. हे बूट घालून तू एकवीस किलोमीटर पळणार?" ती आमच्या शाळेत पीटी शिकवते, मी ऑफिसात बसते. तिनेच मागच्या वर्षी ओढून इथल्या कंबर तलावावर पळायला नेलं. जानेवारीतल्या शर्यतीत नावही तिनेच घातलं. मी हो म्हटलं. हल्ली सगळ्यालाच हो म्हणते.

वर हेही म्हणाली — "तू पाय आपटत पळतेस की गं. मागून डोळे मिटून ओळखते मी तुला."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सात रस्त्याच्या मोठ्या दुकानात पाच जोड घातले. रोजच्या सरावाचा वेगळा, लांब पळायचा वेगळा, दोन्हीला चालणारा वेगळा! विकणारी मुलगी सोनम, छातीवर नावाची पट्टी. दर वेळी वाकून विचारायची, "कुठे टोचतंय का मॅडम? बोटांना? टाचेला?" नाही. नाही. नाही. पाचही एकसारखे. एकही टोचत नाही तर निवडायचा कशावरून?

रिकाम्या हाताने आले. अव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "मिळालं न्हाय?" म्हटलं, सगळेच चांगले आहेत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन विरजण लावलं.

रोज लावतात. घरात दही खाणाऱ्या त्या एकट्याच.

१६ सप्टेंबर

झाले बूट घेऊन. राजेसाब यांचं जुनं दुकान, रुक्सानाने सांगितलेलं. सत्तरीचा माणूस. मी सकाळी गेले तर परत पाठवलं. "संध्याकाळी या बाई. दिवसभर पाय फुगतो. सकाळच्या पायाला बूट घेऊ न्हाय." संध्याकाळी गेले तर जमिनीवर कोरा कागद पसरला, त्यावर मला उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पायांची कड काढली. अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडून म्हणाले, सात नंबर.

सात मला सैल वाटला. म्हणजे दिसायला. मी सहा मागितला. आमच्या माहेरी चप्पल घ्यायची ती घट्ट. पहिले आठ दिवस चावते, मग कातडं सैल पडतं आणि पायाचीच होऊन जाते. सैल चप्पल घेणाऱ्याला वडील वेड्यात काढायचे.

राजेसाब म्हणाले, "ते कातड्याचं झालं. हे कापड हाय. हे तसूभर पसरणार न्हाय."

सहा घालून दुकानात चार फेऱ्या मारल्या. काहीच होत नव्हतं. मी म्हटलं, हाच द्या. त्यांनी डोक्याला हात लावला. "चांगला बूट पायात हाय का न्हाय ते कळत न्हाय, एवढं खरं. तुमाला कळंना म्हणता, तर न्या. आठ दिवसांत चावला तर परत आणा." कागदाची घडी घालून गल्ल्यामागे ठेवली. सगळ्यांचे ठेवतात म्हणे.

निळा रंग आहे. बरा आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

नवीन बूट घालून दहा किलोमीटर. तलाव, विजापूर रोड, परत. काही नाही. पायात बूट नसल्यासारखंच! रुक्सानाला सांगितलं तर म्हणाली, नशीबवान आहेस. तिचे पहिला महिनाभर चावतात.

पळताना एक बरं. कुणी 'कशी आहेस' विचारत नाही.

२४ सप्टेंबर

आठवा दिवस. चावला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

बारा किलोमीटर. पुण्याहून अंकिताचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, बाबा गेल्यापासून तू एकदा तरी रडलीस का गं?" पोरीला खोटं काय सांगायचं. नाही म्हटलं. मग मीच विचारलं, मेसमध्ये जेवण बरं आहे का.

हे गेले त्याला चौदा महिने झाले. शुक्रवारी दुपारी, त्यांच्याच दुकानातल्या खुर्चीत, बसल्या बसल्या. मला शाळेत फोन आला तेव्हा मी दाखल्यांवर शिक्के मारत होते. हातातला गठ्ठा संपवला आणि मग उठले. हे कुणाला सांगितलेलं नाही.

ह्यांच्या दिवसकार्याला बायका म्हणत होत्या, रडून घे, मोकळी हो. मी दही सोडलं. आमच्या घरात ही पद्धतच. कुणी गेलं की जवळचं माणूस त्याच्या नावाने त्याच्या आवडीचं एक खाणं सोडतं. अव्वांनी मामंजींच्या नावाने पेरू सोडला, वीस वर्षं झाली. आमच्या एका चुलत सासूने फणस सोडला. सोलापुरात बसून फणस! ह्यांचा जीव दह्यावर. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही, तेही चांगलं आंबट. माझ्या दाताला झिणझिण्या यायच्या इतकं. मी दही सोडलं, आणि दही सोडलं तर ताक कशाला, दूध तरी कशाला, म्हणून सगळंच सोडलं. चहाही कोरा.

रडता येत नव्हतं. निदान एवढं तरी करावं.

५ ऑक्टोबर, रविवार

चौदा किलोमीटर पूर्ण. दारात बूट काढले, मोज्यांवरच आत आले, पाणी प्यायले. तेवढ्यात अव्वांचा आवाज, "लीला, हे कुंकू कुणी सांडलं गं?"

घरात आम्ही दोघी. दोघीही विभूती लावणाऱ्या. कुंकू कुठून येणार!

फरशीवर ठिपके होते. दारापासून माठापर्यंत, एका पावलाआड एक. अव्वा वाकून बघत बघत माझ्यापर्यंत आल्या. "यव्वा! पाय बघ की तुझा!"

डावा मोजा पुढून लाल. सोलूनच काढावा लागला. अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं. शेजारच्या बोटाची सालटी निघालेली, आत लाल मांस. मी बघत होते. अव्वा रडायला लागल्या, मी नाही. मला दुखतच नव्हतं. जरासुद्धा नाही. बोट लावून बघितलं. दाबून बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय धरून बसावं तसं.

तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

डॉ. फिरदोस यांचा दवाखाना. जखम धुतली, पट्टी केली. मग म्हणाल्या, आडव्या व्हा, डोळे मिटा. तळव्याला एक बारीक दोरा टेकवणार आहे, जाणवला की हो म्हणा.

डोळे मिटून पडले. वाट बघितली. बराच वेळ झाला म्हणून विचारलं, "सुरू करताय ना?" त्या म्हणाल्या, "झालंसुद्धा. दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी लावला."

साखर नाही निघाली. बाकीच्या तपासण्यांसाठी रक्त घेतलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. त्याने पायाच्या नसा सुकत चालल्यात. डॉक्टरांनी विचारलं, मांस-मच्छी? नाही. अंडं? नाही. "मग दूध-दही तरी? शाकाहारी माणसाला ते तेवढ्यातूनच मिळतं." मी म्हटलं, सोडलंय. कधीपासून? सव्वा वर्ष. का? आवडत नाही म्हणून सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, मग पुन्हा लिहायला लागल्या.

इंजेक्शनं सुरू. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. "अंगातला साठा मुळातच कमी असणार, तोही संपला. वेळेवर आलात. आणखी वर्षभर असंच काढलं असतं तर पळणं सोडाच, चालणं अवघड होतं. तरी सगळं परत येईलच असं सांगत नाही. वाट बघू." जखम भरेपर्यंत पळणं बंद. जानेवारीची शर्यत विसरा.

निघताना म्हणाल्या, "यात मनसुद्धा बधिर होतं. कशात रस नाही, रडू नाही, हसू नाही. तसं काही आहे का?"

नाही म्हटलं.

रिक्षात बसले आणि असा संताप आला! म्हणजे चौदा महिने मी ज्याला दुःख समजत होते ते काय, औषधाच्या दुकानात मिळणारी वस्तू कमी पडली होती म्हणून? आणि तीही ह्यांच्या नावाने सोडली म्हणून? मी शिक्के मारत बसले ते तर त्याच्या आधीचं. ते कशात मोजायचं?

संताप घरी येईपर्यंत टिकला. जिना चढले आणि गेला.

१२ ऑक्टोबर, रविवार

बूट घेऊन राजेसाब यांच्याकडे. आतला डाग त्यांनी बघितला आणि स्टुलावर बसले. "चावला तर आणा म्हनलं होतं की बाई."

"चावला नाही."

ते उठले. मग गल्ल्यामागून माझा कागद काढला, पसरला, डाव्या बुटातला सुटा तळ काढून त्यावर ठेवला. पेन्सिलीची रेघ त्या तळाच्या पुढे बाहेर आली होती. इतके दिवस माझी बोटं आत मुडपून पळत होती.

सात नंबर काढून दिला. माझं काही ऐकून घेतलं नाही. "बूट पायाला इचारून घ्यायचा. तुमचा पाय बोलंना, तवर कागदाला इचारा. आन रोज मोजा काढला की डोळ्यानं बघायचं. रोज! आईनं लेकराचं बघावं तसं." चूक माझी, आणि शरमिंदे ते.

संध्याकाळी अव्वांना सगळं सांगितलं. दह्याचंही. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं खा म्हनलं तर खा की."

म्हटलं, सुईने भागतंय. दही नाही खाल्लं तरी चालेल.

"सुईनं भागतंय म्हनून न्हाय खात?"

मग खरं ते बोलले. दही खाल्लं तर हे गेले. नाही खाल्लं तर अजून काहीतरी चालू आहे आमचं.

अव्वा लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला पेरू कधीच आवडत नव्हता."

"काय?"

"बी दातात अडकतंय. सगळे म्हनले सोड, म्हनून सोडला. सोप्पं वाटलं." पाकळी ताटलीत टाकली. "माझ्या पोराला, सोमलिंगला, दही घालून मी मोठा केला. पन म्या सोडलं का दही? रोज खाते. खाताना आटवतो त्यो मला. तू सोडून काय आटवतीस?"

त्या विरजण लावायला उठल्या.

२५ ऑक्टोबर

दिवाळी. अंकिता आली, चार दिवस राहिली, गेली. माझ्या पायाची पट्टी रोज तीच बदलायची. श्रीखंडाचा डबा माझ्यापासून लांब ठेवायची. तो नियम मीच घालून दिलेला.

५ नोव्हेंबर

पायाला मुंग्या. मुंग्या बऱ्या म्हणतात डॉक्टर.

१६ नोव्हेंबर, रविवार

जखम भरली. सात नंबरचा बूट घालून तलावाला एक फेरी, निम्मी चालत. घरी येऊन मोजे काढले, दोन्ही पाय बघितले. नखाच्या जागी नवं नख येतंय, पातळ, वाकडंतिकडं.

बूट चावला नाही. आता 'चावला नाही' लिहायलाही धीर होत नाही.

७ डिसेंबर, रविवार

चार किलोमीटर. रुक्साना म्हणाली, "ताई, आज तुझा आवाज आला नाही गं मागून." मी म्हटलं, मी कधी बोलते पळताना? "बोलायचा नाही. पायाचा!"

शर्यतीतून माझं नाव काढलं तिने. मला वाईट वाटलं. थोडंसंच, पण वाटलं. म्हणून लिहून ठेवते.

२३ डिसेंबर

अव्वांच्या दह्याचा वास आज ओट्यापाशी आला. झाकण लावून ठेवलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

पाचव्या किलोमीटरला डाव्या करंगळीला मोज्याची शिवण चावली. आधी कळलंच नाही काय होतंय. मग थांबले. बूट काढला, मोजा काढला. रक्त नाही, काही नाही, नुसता लाल वळ. त्याला बोट लावलं आणि तलावाच्या कट्ट्यावर बसून ह्यांच्यासाठी रडले. किती वेळ ते माहीत नाही. माणसं फिरायला येत होती, जात होती. रुक्साना शेजारी बसून राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "लई दुखतंय का, ताई?"

हो म्हटलं. दुखतंय.

घरी आले. अव्वांनी ताट वाढलं. भाकरी, शेंगाचटणी. मी वाटी पुढे केली. त्यांनी दही घातलं.

ह्यांना लागायचं तसंच होतं. आंबट.