पन्नासाव्या पायरीवर

इंदिरानगर, नाशिक
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुमन हिस,
श्यामलाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, तरी बाजारातून पिशव्या भरून आणायची हौस जात नाही. तनयला अंबडच्या कंपनीत कायम केलं. मनमाडला पाणी किती दिवसांनी येतंय सध्या? फोनच केला असता, पण भाऊजी तुझा फोन स्पीकरवर ठेवतात, आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवरचं नाही.

रविवारी तुझी मृण्मयी आली होती. सातवा सरत आलाय. आल्या आल्या रडायलाच लागली. "काकू, आई मला बाळंतपणाला नेणार नाही म्हणते. पहिलं बाळंतपण, आणि आईलाच मी नको झाले!" मी म्हटलं, अगं वेडे, असं कसं होईल? तर म्हणाली, आई हल्ली पोळ्यासुद्धा बसून करते, बादली उचलत नाही, आत कापड बांधून वावरते आणि विचारलं की खेकसते.

पोरीला कळलं नाही गं. मला लगेच कळलं.

सहा वर्षांपूर्वी, वणीला जायच्या आदल्या दिवशी आपण देवीच्या ओटीचं ताट भरत होतो. तू कानाशी येऊन म्हणालीस, "ताई, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं. पायऱ्या चढवणार नाहीत." आणि मी काय म्हणाले? "बाळंतपणं झाली की सगळ्यांनाच होतं. बोभाटा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी गडावर ट्रॉली होती, पण आपल्या घरच्या सुनांनी पायीच चढून ओटी भरायची! तू पन्नासेक पायऱ्यांवर मटकन बसलीस. चेहरा पांढराफटक. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "बघा, मी छप्पन्नाची चढते, आणि आमची धाकटी बसली. आळशी मेली!" सगळे हसले. तूही हसलीस.

सुमे, त्या दिवशी माझ्या आत रिंग होती.

तनयच्या बाळंतपणानंतर माझंही अंग खाली यायचं. पुढे वाढलं, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी ती बसवली. मऊ, बांगडीएवढी, खाली येणारी पिशवी वर धरून ठेवणारी. पहिली दोन दिवसांत निसटली, दुसऱ्या मापाची बसली. दर तीन महिन्यांनी त्या काढून, धुऊन, तपासून परत बसवतात. घरात सांगते, डोळे दाखवायला जाते. इतके डोळे दाखवूनही चष्मा कसा बदलत नाही, हे ह्यांना कधी सुचलं नाही.

तुला एका वाक्यात सांगता आलं असतं. लाज वाटली हे खरं, पण तेवढंच नव्हतं. "थोरली बघा कशी तुरुतुरु चढते" हे मला गोड लागत होतं. तुला रिंग मिळाली असती तर तूही चढली असतीस. इतकी कोत्या मनाची मी. तू नंतर गडावर आली नाहीस, माझ्याकडेही नाही, आणि मी लोकांना सांगत राहिले की धाकटीला नाकावर राग.

काल ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला कशाला? सुमनला सांग."

पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, त्याच डॉक्टरीणबाईंची अकराची वेळ घेतली आहे. हे गाडी घेऊन येतील. आत मी तुझ्याबरोबर असेन आणि आधी माझं सांगेन. रिंग प्रत्येकीला बसतेच असं नाही. नाही बसली तर त्या दुसरा उपाय सांगतील. बाळंतपण माझ्या घरी करू. तू खुर्चीत बसून हुकूम सोड, बादल्या तनय उचलेल. मृण्मयीला मी तुझं काही सांगितलेलं नाही, ते तू सांग. पण ती आईला नकोशी झाली नाही, एवढं तिला आजच फोन करून सांग.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. गुरुवारी मात्र ये.

वर सवयीने आशीर्वाद लिहून गेले. लहान आहेस म्हणून लिहिले; द्यायचा अधिकार मला उरलेला नाही.

तुला पायरीवर बसलेली टाकून वर गेलेली,
श्यामला