वाचून दाखवले, समजले

जजसाहेब, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणूनच मराठीत लिहितेय. तुम्ही गेलात, काल तुमच्या आठवणीत जेवण ठेवलं होतं. एक वकीलसाहेब माइक घेऊन म्हणाले, "काय झपाटा होता त्यांचा! फाइल आली की यल्ला, चला, खलास!" माझं डोकंच फिरलं. झपाटा? तुमच्याएवढा संथ जज फेडरल अपील कोर्टाने दुसरा पाहिला नसेल! इथल्याच कोळ्याचा मुलगा, कैरोत कायदा शिकलेला, खालच्या कोर्टांत केस पांढरे करून वर आलेला. आणि कागद आरोपीला त्याच्या भाषेत शब्द न् शब्द वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. हेच वकीलसाहेब तेव्हा घड्याळ बघत कुरकुरायचे.

मी तुमची दुभाषी. ती सुनावणी अजून डोळ्यांपुढे आहे. दुबईजवळच्या अजमानच्या एका साइटवरचा क्रेन ऑपरेटर समोर उभा आहे, चिपळूणकडचा. क्रेन घसरून जोडीदाराचा पाय मोडला. खालच्या कोर्टात याला तुरुंग झालाय, मग कायमची गावी रवानगी. कबुलीजबाबावर त्याची सही, खाली माझा शिक्का: वाचून दाखवले, समजले. तुम्ही म्हणता, "वाच." मी वाचते, "ब्रेक खराब असल्याचे मला माहीत होते, तरी मी कोणाला सांगितले नाही." तो ताडकन म्हणतो, "ओ ताई, असं कधी बोललो मी? फोरमनला सांगितलेलं ना! तोच म्हणाला, चलाव, कुछ नहीं होता!" तुम्ही विचारता, सहीआधी हे याला कुणी वाचून दाखवलं होतं का? मी प्रश्न मराठीत सांगते. तो माझ्याकडे बघतो. "वाचलं असेल साहेब. माझंच ध्यान नसेल."

वाचलं नव्हतं. जबाबाच्या त्या दुपारी पोलीस ठाण्याबाहेर रांग होती. मी दोन वाक्यांत उरकलं आणि म्हटलं, "कर सही, दादा." आपल्याकडची ताई सांगतेय म्हणून त्यानं केली. आणि आता मला सांभाळायला स्वतःच्याच गळ्यात दोर अडकवत होता! मी ते उत्तरही मुकाट्याने अरबीत सांगितलं. तुम्ही शिक्क्याकडे बघत राहिलात, मग माझ्याकडे. फेरतपास झाला, फोरमनची साक्ष झाली, तो सुटला. मला मात्र पॅसेजमध्ये एवढंच म्हणालात, "मुली, हळू वाचत जा." अहो, खडसावायचं होतंत मला! शिक्का काढून घ्यायचा होता! दया कसली दाखवलीत?

काल मी सगळ्यांसमोर वकीलसाहेबांना सुनावलं, "झपाटा कसला? साहेब शब्द न् शब्द वाचायला लावायचे." टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "एवढा हट्ट का हो त्यांचा?" मी म्हटलं, "सवय होती त्यांची." आणि खाली बसून बिर्याणी संपवली. तो शिक्का माझा होता, हे तेव्हाही बोलले नाही आणि कालही नाही.