मागचा दिसेपर्यंत

७ जानेवारी १९७९, रविवार

आले! मार्तंडचे तिन्ही मित्र आले. अनंत, बाबाराव, विश्वनाथ. गाड्या दारासमोर लावल्या, गल्लीभर धूर. येत्या १९ फेब्रुवारीला मार्तंडला जाऊन वर्ष होईल. त्याच्या आठवणीसाठी म्हणे सगळ्यांनी मोटारसायकलींवर अंभोऱ्याला जायचं. सकाळी निघायचं, नदीवर जेवायचं, संध्याकाळी परत. माझा मुलगा ज्या वाटेवर पडला, त्याच वाटेने!

बाबाराव "सहल" म्हणाला. अनंतने डोळे वटारले तेव्हा म्हणाला, "म्हणजे कार्यक्रम, काका."

मला चार माणसांत बोलता येत नाही. तोंड कडू झालं, ते जेवतानाही गेलं नाही.

आमच्या हिने, सिंधूने, त्यांना पोहे दिले. वर झणझणीत रश्शाची तर्री. वर्षभर या घरात वरण-भात आणि पोळी, एवढंच शिजलं. माझ्यासाठी मी मागितलं नाही, तिनेही विचारलं नाही. या तिघांसाठी मात्र फोडणी!

८ जानेवारी

दर रविवारी आमच्याकडेच बसणार आहेत. "आधीपासून इथंच बसत होतो ना काका." खरं आहे. मार्तंडच्या खोलीत नकाशा पसरून बसत. तेव्हा मी बाहेर फिरायला जात असे. आता कुठे जाऊ?

१४ जानेवारी, संक्रांत

आमच्याकडे यंदा सण नाही. बाबारावच्या लक्षात राहिलं नाही. गांधीबागेत त्याचं सुट्या भागांचं दुकान आहे, तिथून तिळगुळाची पुडी घेऊन आला. माझ्यापुढे धरली — "काका, घ्या, गोड —" आणि आठवलं. हात तसाच हवेत. मग काय करावं न सुचून लाडू स्वतःच्या तोंडात टाकला! माझ्यासमोर चावत उभा. मिशीला तीळ.

आज जेवणाचं ठरलं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी.

"अन् रस्सा?" बाबाराव.

"अबे, त्याच्या वर्षाले मटण खातो काय?" अनंत म्हणाला.

"वर्षश्राद्ध तं तिथीनं आधीच होऊन जाते ना गा! मंग काय अडचण?"

आणि सिंधू हसली. दारात उभी होती, तोंडावर पदर धरून हसली. मी वर्षभर हे हसू ऐकलं नव्हतं. ऐकलं ते मटणावर.

मी मागच्या अंगणात जाऊन चूळ भरली. पुन्हा पुन्हा भरली.

२१ जानेवारी, रविवार

त्यांना मार्तंडची लाल येझदी पाहिजे. पडवीत जुन्या चादरीखाली उभी आहे. विश्वनाथने तिचं हँडल वगैरे सरळ करून आणलं, त्यानंतर मी चादर उचललेली नाही. आज त्यांनी उचलली. मला न विचारता.

विश्वनाथ हा त्यांच्यातला बारीक, शाळेत मास्तर. क्वचित बोलतो. जमिनीवर बसून चिंधीने चाकाच्या तारा पुसत होता, एक एक. बाबाराव टाकी थोपटत होता, म्हैस थोपटावी तशी. म्हणे हँडलला हार बांधायचा. पुढे पाटीही लावायची, तिच्यावर मार्तंडचं नाव. हार घातलेली गाडी रस्त्याने फटफटत जाणार आणि लोक समजणार कोणाची तरी वरात आहे!

"गाडी नाही मिळणार," मी म्हणालो.

आतून सिंधूचा आवाज आला — "न्या रे. पण हार नका बांधू."

पुढे वाद नाही. चादर घडी करून खुर्चीवर ठेवली होती. मी उचलली तर हाताला पेट्रोलचा वास लागला. साबणाने गेला नाही.

२४ जानेवारी

ऑफिसात एक जण म्हणाला, तुमच्या मुलाचे मित्र फार चांगले हो, अजून येतात. मी "हो" म्हणालो. चांगले! घरात येऊन क्लचच्या तारा आणि वांगी मोजतात.

२८ जानेवारी, रविवार

आज एक गोष्ट कळली. नीट लिहून ठेवतो.

यंदा अनंतच्या ऑफिसातला एक नवा गडी बरोबर येणार आहे. पहिल्यांदाच. अनंत त्याला यांची पद्धत समजावत होता. पुढे कोण, मागे कोण हे आधी ठरतं. कोणी कोणाला ओलांडायचं नाही. आणि फाटा आला की थांबायचं. मागचा दिसला, त्याने हात केला, की मगच फाटा सोडायचा. म्हणजे कोणी चुकत नाही, कोणाची गाडी बंद पडली तर लगेच कळतं.

"अन् मागचा आलाच नाही तं?" त्या नव्या गड्याने विचारलं.

"तं परत पाहाले जायचं. पण फाटा सोडून पुढं नाही जायचं. कधीच नाही."

हे बोलला आणि जीभ चावली. बाबारावच्या हातात आलुबोंडा होता, तो त्याने परत ताटलीत ठेवला. बाबारावने खाणं परत ठेवलं!

मला वर्षभर हेच सांगितलं आहे, की मार्तंड सगळ्यात मागे होता, नाल्यावरच्या मोरीवर खडीची गिट्टी पडली होती, घसरला, आम्ही पुढे होतो म्हणून कळायला वेळ लागला. मी ऐकून घेतलं होतं. गिट्टीला काय विचारणार?

पण अशी पद्धत असेल तर मागचा दिसत नाही हे कळायलाच पाहिजे होतं. त्याच्या पुढे कोणीतरी होता. त्याने फाट्यावर थांबायचं होतं. तो थांबला नाही. नदीवर जाऊन बसला आणि माझा मुलगा रस्त्यावर एकटा पडून राहिला.

"मार्तंडच्या पुढे कोण होतं?" मी विचारलं.

विश्वनाथ उठून बाहेर गेला. बाबाराव म्हणाला, "जाऊ द्या ना काका." अनंत नुसता माझ्याकडे बघत राहिला.

२९ जानेवारी

तिघांपैकी एक. माझ्या घरी पोहे खाणारा.

१ फेब्रुवारी, गुरुवार

अनंत ऑफिसातून परस्पर आला, एकटा. सिंधू देवळात गेली होती. बसला नाही.

"काका, मी होतो त्याच्या पुढं."

"फाट्यावर थांबलास?"

"नाही."

"का?"

"घाई झाली होती. नदी जवळ आली होती… वाटलं, येतेच तो."

येतोच! वर्षभर माझ्यासमोर मांडी घालून बसला. मला धंतोलीत डॉक्टरकडे नेलं, औषधं आणून दिली, सिंधूला आई म्हणतो. आणि हे पोटात!

मी म्हणालो, "या घराच्या पायरीवर पुन्हा पाय ठेवू नकोस." आणि थुंकलो. त्याच्या बुटांपाशी. मी आयुष्यात कोणापुढे थुंकलो नव्हतो. त्याने मान खाली घातली, खिशातून रुमाल काढला आणि वाकून फरशी पुसली. किळस आणखी वाढली. भांडला असता तर बरं झालं असतं.

मी माणूस तोडला की तोडला. धाकट्या भावाचा फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवला, त्याचं तोंड गेली कित्येक वर्षं पाहिलं नाही. त्याची चूक याच्या शंभराव्या हिश्श्याचीही नव्हती.

४ फेब्रुवारी, रविवार

दोघेच आले. "अनंत कुठे?" सिंधूने विचारलं. मी सांगितलं — त्याला मी येऊ नको म्हटलं आहे, कारण विचारू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मग आत गेली आणि भांडी घासायला घेतली. ती भांडी सकाळीच घासलेली होती.

बाबाराव हळूच म्हणाला, "काका, एवढं नका ताणू. अनंता तसा नाही."

"कसा आहे मग?"

"कसा म्हणजे… भल्ला चांगला आहे."

चांगला! तोंडात सुपारी फिरवत माणसं किती सहज बोलतात.

८ फेब्रुवारी

आज तिथीने वर्षश्राद्ध. मार्तंडच्या भिंतीवरच्या फोटोला हार घातला, पिंड ठेवले. कावळा लवकर शिवेना. भटजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल तर बोला. मी नुसते हात जोडले. सिंधू पुढे होऊन पुटपुटली, मला ऐकू आलं नाही. तेव्हा शिवला.

अनंत कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी उभा होता. सकाळपासून. घराकडे आला नाही. सिंधूने ताट वाढून बाबारावच्या हाती त्याच्यासाठी पाठवलं. त्याने तिथेच फळकुटावर बसून खाल्लं. खीरसुद्धा. खिडकीतून दिसत होतं. मी माझं ताट बाजूला सारलं.

११ फेब्रुवारी, रविवार

शेवटची बैठक. १९ला सोमवार, म्हणून आदल्या दिवशी, १८ तारखेला सकाळी उजाडता निघायचं. प्लग, केबल, पंक्चरचं सामान बाबारावकडे. रोडग्यांची कणीक सिंधू भिजवून देणार. अनंतने कळवलं आहे की तो येणार नाही.

मी म्हणालो, मी येतो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काका, कंबर धरून जाईल तुमची," बाबाराव म्हणाला. "खड्डे आहेत."

"धरू दे."

मला तो फाटा बघायचा आहे. तिथे उभं राहायचं आहे. थांबणं एवढं काय कठीण होतं, ते बघायचं आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

येझदीवर विश्वनाथच्या मागे बसलो. बाबाराव आपल्या गाडीवर पुढे, तो नवा गडी सगळ्यात मागे. मार्तंड असताना या गाडीवर कधी बसलो नव्हतो. त्याने म्हटलं होतं, मी नाही म्हटलं होतं.

कुही गाव सुटल्यावर रस्ता एकदम मोकळा. दोन्ही बाजूंना हरभरा, लाखोळी. पळस फुललेला. वारा गार होता आणि थोडा वेळ मला बरं वाटलं. लगेच स्वतःची शिसारी आली. मुलाच्या मरणाच्या वाटेवर वारा खातोस!

प्रत्येक फाट्यावर सगळे थांबत होते. मागचा दिसला, हात झाला, की पुढे. शिस्त! आज शिस्त!

मग तो फाटा. मोहाचं झाड, खाली चहाची टपरी. एक म्हातारी चालवते. तिला जयवंताबाई म्हणतात. ती यांना ओळखत होती, मला नाही. बाबाराव नुसतं "आमचे काका" म्हणाला आणि गाडीकडे गेला. तिने चहा ओतता ओतता सुरू केलं —

"याही साली आले काय बाप्पा! मागच्या साली तुमचा तो पोट्टा मेला ना, लाल गाडीवाला. अजून डोयापुढं आहे. तो तं इथं थांबलाच नाही. बाकीचे सारे थांबत होते अन् हा भन्नाट निघून गेला. मंग हा बारीक मास्तर आला मागून. पाहाते तं कोणीच नाही. तो गेला चुकीच्या रस्त्यानं, मी हाका मारून राहिली. मंग तो लालवाला आला ना वापस! 'बाई, मागचा कुठं गेला?' म्हटलं, तिकडं गेला. त्याचं तोंड असं उतरलं काय सांगू! म्हणे, माहीच चूक झाली. अन् जे गाडी सोडली त्याच्या मागं… मोरीपाशी आवाज आला, तो इथवर."

बाबाराव धावत आला. हाताने तिला नको नको करत होता. उशीर झाला होता.

मी विश्वनाथकडे बघितलं.

"मी होतो शेवटी, काका. चेन उतरली होती माही. मार्तंड माह्या पुढं होता."

"आणि अनंत?"

"तो सगळ्यात पुढं. नदीवर पोचून गेला होता. त्याले काहीच माहीत नव्हतं."

"मग त्याने मला तसं का सांगितलं?"

"तुम्ही विचारलं ना, कोण होतं म्हणून. सोडलं नसतं तुम्ही. कोणाचं तरी नाव द्याच लागत होतं."

चहा तसाच राहिला. मोरीपर्यंत चालत गेलो. साधी मोरी आहे. खाली पाणीही नाही.

नदीवर त्यांनी रोडगे भाजले. मला एक दिला. मी खाल्ला. बाबारावने दुसरा मागितला नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सिंधूला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मला माहीत आहे," म्हणाली. "त्याच आठवड्यात पोरांनी सांगितलं. यांना कळू देऊ नका म्हणून मीच त्यांना शपथ घातली."

"का?"

"तुम्ही त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला असता."

नाही म्हणायला तोंड उघडलं. समोर भिंतीवर भावाच्या फोटोचा रिकामा खिळा दिसला.