उजवीकडची कडी

९ एप्रिल

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार.

"एकटी कधी उडणार?" असं तू विचारलंयस. खरं सांगते, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही.

मी बरी आहे. आईला सांग, स्वेटर अंगातून काढतच नाही. आणि घरातली पहिली पदवीधर म्हणून मला 'पंडितबाई' म्हणणं आता बंद कर. इथे उडायला शिकवणाऱ्या शाळेत पंडितबाई ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, पंखाचं टोक धरून धापा टाकत पळते.

गेल्या महिन्यात बाईंबरोबर, म्हणजे आमच्या शिक्षिकेबरोबर, पहिल्यांदा मोठ्या कड्यावरून गेले. दोर सुटला, ओढणारं विमान वळून निघून गेलं आणि नुसता वारा उरला. कड्याला धडकून हवा वर चढते, तीच आपल्याला उचलते. बर्फाची शिखरं हळूहळू खिडकीच्या खाली गेली. मागून बाई म्हणाल्या, "श्वास घे गं, तो फुकट आहे." तेव्हा तुझी फार आठवण झाली. तू शाळा सोडून लिफ्ट दुरुस्तीला लागलास, म्हणून मी तिथे होते.

आता जे टाळतेय ते लिहिते.

रोज सकाळी ग्लायडरला पंख जोडतात. पंखांना वळवणाऱ्या दांड्यांच्या आतल्या कड्या इथले मिस्त्रीकाका लावतात. लावणाऱ्याने स्वतः तपासायचं नाही. दुसऱ्याने झडपेतून हात घालून प्रत्येक कडी ओढून बघायची, असा नियम. मंगळवारी ती दुसरी मी होते. डावीकडची ओढली. उजवीकडची झडप अरुंद, हात खरचटतो. ढग छान जमत होते, सगळ्यांनाच घाई होती.

"उजवी?" काकांनी विचारलं.

"पक्की," मी म्हणाले. हात न घालता.

बाई एकट्याच वर गेल्या. कड्यापाशी ती कडी निसटली. त्यांनी ग्लायडर कसंबसं दगडांच्या माळावर उतरवलं. पंख मोडला, त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. वाचल्या, दादा. चौकशीत काका म्हणाले, "लावली मी, बघितलीही मीच." त्यांना कामावरून थांबवलं.

काल त्यांच्या खोलीवर गेले. ते भांडी घासत होते.

"काका, खोटं का बोललात?"

"रविवारी तुझं एकटीचं उड्डाण ना? तुला आत्ता पंख फुटतायत. माझे नुसते गुडघे वाजतात."

"पण मी..."

"गप. ताटं पूस."

पुसली, आणि गप्पच परत आले. हाकलून देतील याची भीती नव्हती रे. तुला काय तोंड दाखवू, याची होती.

आज सकाळी आधी दवाखान्यात गेले. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगून झालं. आता जिथे सांगायला हवं तिथे जा."

गेले. चौकशी करणाऱ्या साहेबांसमोर सगळं लिहून दिलं. लावणाऱ्याचा हात कधीतरी चुकतो, म्हणून तर दुसरा हात ठेवलाय, आणि तो माझा होता, हेही लिहिलं. माझं उडणं बंद झालंय. किती दिवस, ते सांगितलं नाही. काकांना परत बोलावलंय.

रागाव, पण पत्र लिही.

जमिनीवरची,
तुझी धाकटी