बिननावाची बैठक

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या कॅसेटवरच्या त्या खर्जात गाणाऱ्या बाईंनी मला वेड लावलंय. लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासताना त्यांच्याच ओळी गुणगुणते, तर शेजारच्या टेबलावरची म्हणाली की सकाळपासून कोण गेलं म्हणून रडतेस. तिलाही कॅसेट ऐकवली. आता ती कॅसेट परत द्यायचं नाव काढत नाही. बदल्यात मी तुला एक बासरीवाला सुचवते. त्याचा श्वास घेतानाचा आवाजही ऐकू येतो. तू नाक मुरडशील, पण दोनदा ऐक.

त्याचीच कॅसेट घेऊन परवा आमच्या श्रोते मंडळात गेले. अध्यक्षांनी अर्ध्यावर बंद करायला लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले की ही आवड घरातूनच आलेली दिसते. बाबा नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीत होते. ते चक्क हसले! वाटेत मी त्यांना विचारलं की तुम्ही गप्प का बसता, तर म्हणाले की बासरी छान होती, उरलेली घरी ऐकू.

या दोघांचं नक्की काय बिनसलंय, ते आता तरी सांग. मी काही लहान नाही.

तुझा लोभ आहेच, त्यात कंजुषी नको.

तुझी,
चिमणी


९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

बासरीवाला ऐकला. त्याला आधी डॉक्टरकडे ने म्हणावं. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा आवडला, पण हे कुणाजवळ बोलू नकोस.

आता तुमचे अध्यक्ष. मी त्याला सर्वज्ञ म्हणते. तरुणपणी तो आणि तुझा बाप जोडीने व्हायोलिन वाजवायचे. पुढे याला वाजवायला कुणी बोलवेना, म्हणून हा दुसऱ्यांच्या वाजवण्यावर बोलू लागला. तेरा वर्षांपूर्वी मंडळाच्या वार्षिक बैठकीत तुझा बाप एकटा वाजवायला बसला. तू तेव्हा शाळेत होतीस. मी ऐकलंय ते, आणि माझ्या कानांनी नोकरीभर तेवढंच काम केलंय. त्याने सुरेख वाजवलं. महिन्याने मंडळाच्या पत्रिकेत सर्वज्ञाने लिहिलं की चष्मेवाल्याने काचा विकाव्यात, तारांना हात लावू नये. वर्षभर गिऱ्हाइकं दुकानात येऊन तेच वाक्य म्हणून दाखवायची. तुझ्या बापाने व्हायोलिनची पेटी बंद करून कपाटावर टाकली ती अजून तिथेच आहे. तू त्याला शांत समजतेस. अगं, तो शांत नाही, विझलाय. आणि मी तेरा वर्षं दातओठ खात बसलेय.

मी रेडिओत ध्वनिमुद्रणाला नवीन लागले होते, तेव्हा हे दोघे चाचणीला आले होते. दोघेही नापास झाले. टेप पुसायची होती, ती मी घरी आणली. सर्वज्ञाने ती कधीच ऐकलेली नाही, आणि स्वतःचं वाजवणं तर त्याने तेव्हाही नीट ऐकलं नव्हतं. तिची कॅसेट सोबत पाठवतेय. पुढे वाजवतो तो सर्वज्ञ, सुराच्या वर आणि पहिल्यापासून घाईत. मागे साथीला तुझा बाप आहे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तुमची बिननावाची बैठक असते ना? नाव न सांगता ऐकवायचं, धाकट्यापासून सुरुवात करून सगळ्यांनी मत द्यायचं, अध्यक्षांनी सर्वांत शेवटी, आणि मग पाकीट उघडून नाव वाचायचं. ही पद्धत त्यानेच पाडलीय. त्यालाच स्वतःची सालटी काढू दे. मग पाकीट उघड. तू लोकांचे दात बसवतेस, मला फक्त एकाचे घशात घालायचेत.

माझ्यावर माया असेल तर मागे हटू नकोस. कॅसेट उन्हात ठेवू नकोस.

तुझी,
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा दुकानात असताना कॅसेट ऐकली. ऐकून रडले. बाबा असे वाजवायचे, आणि मला ठाऊकच नाही!

पण मला भीती वाटते. अध्यक्षांनी दोघांनाही झोडपलं तर? त्यांचा काय भरवसा! बाबा तिथेच बसलेले असतील. तेरा वर्षांपूर्वीचं पुन्हा ऐकायचं, तेही मुलीने आणलेल्या कॅसेटवर. त्या शनिवारी काहीतरी सबब काढून त्यांना घरीच ठेवू का? तू हो म्हणालीस तरच मी लावीन.

लगेच लिही. रागावू नकोस.

तुझी,
चिमणी


१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हा गुळमुळीतपणा बापाकडून उचललास. त्याला घरी ठेवायचं नाही. ज्याच्यासाठी सूड घ्यायचा त्यालाच बाहेर बसवून कसा घेणार? शिव्या पडल्याच तर दोघांवर पडतील, आणि दोघांपैकी एकाला त्यांची सवय आहे. हे लिहिताना माझाही हात थांबला, पण लिहिलेलं खोडत नाही.

पाकिटात दोन्ही नावं लिही, ठळक अक्षरात.

आशीर्वाद आहेतच, आता धीर तुझा तू धर.

तुझी,
आत्या


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिमणी तुला लिहायला बसली होती, तिला उठवलं. हे मीच सांगायला हवं.

शनिवारी बैठकीत कॅसेट लागली आणि पहिल्या चार सुरांतच मी ओळखलं. आपला हात माणूस कसा विसरेल? उठून जावंसं वाटलं, दारही हाताशी होतं. चिमणीकडे पाहिलं तर ती पांढरीफटक. हे कुणाचं डोकं आहे ते तेव्हाच कळलं. मग बसून राहिलो. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो की मला काही बोलायचं नाही.

सगळ्यांचं झाल्यावर अध्यक्ष म्हणून शेवटी तो उठला. म्हणाला की पुढे वाजवणारा म्हणजे पाहुण्यांच्या आधी ताटावर बसलेला यजमान आहे, सुराचा पत्ता नाही आणि तोरा केवढा. याला वेळीच कुणीतरी घरी बसवायला हवं होतं, असंही म्हणाला. लोक पोट धरून हसले. मग तो थांबला, आणि मधला भाग पुन्हा लावायला सांगितला. म्हणाला की आता मागचा ऐका. पुढच्याच्या एकेका चुकीवर तो पांघरूण घालतोय, आणि तरी स्वतःचं सोडत नाही. असा वाजवणारा आपल्या मंडळाला एकही मिळाला नाही. याला ज्याने मागे बसवलं त्याला जाब विचारला पाहिजे.

चिमणीने पाकीट उघडलं आणि चिठ्ठी धरून नुसती उभी राहिली. तुम्ही सगळे मला साधा समजता. मी पुढे गेलो, तिच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि वाचली. आधी त्याचं नाव वाचलं. मग थांबलो, चांगला थांबलो. मग माझं वाचलं. तो मटकन खाली बसला. मला वाटायचं, असं कधी झालंच तर मला त्याची कीव येईल. मुळीच आली नाही. फार बरं वाटलं, ताई.

काल सकाळी तो दुकानात आला. मी तासभर त्याला गिऱ्हाइकांच्या मागे उभा ठेवला. पाळी आल्यावर म्हणाला की चुकलं, आता पुन्हा जोडीने वाजवू. मी म्हणालो की दुकान बंद करायची वेळ झाली. तेव्हा अकरासुद्धा वाजले नव्हते.

संध्याकाळी पेटी खाली काढली. नव्या तारा चढवल्या, आणि कॅसेटवर मी जे वाजवलंय तेच वाजवायला घेतलं. करंगळी उचलेना. सूर लागेना. चिमणी छान आहे म्हणाली, आणि आत निघून गेली.

तेरा वर्षं मी मनाची समजूत घालत आलो की त्याचं खरं असेल, आपण तसेच असू. म्हणून तर त्याच्या बैठकीला जाऊन बसू शकलो. आता कळलं की तो तेव्हा खोटं बोलला होता. आज माझं ऐकून तेच बोलला, तर अक्षर न् अक्षर खरं ठरेल. त्याला मी माफ करणार नाही. पण मी कसा वाजवायचो, ते तू मला ऐकवायला नको होतंस, ताई.

माझी माया आहे तशीच आहे, तुझीही कमी करू नकोस. फक्त थोडे दिवस पत्र लिहू नकोस.

तुझा,
धाकटा