दोघींच्या मधला बॉल

४ जाने., रवि.

सरावाचा सामना हरलो. भांडुपच्या बायका आमच्याच मैदानावर येऊन जिंकून गेल्या. बॉल पुन्हा पुन्हा माझ्या आणि वहिनींच्या मधे पडला. प्रत्येक वेळी मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "घ्या ना." त्या म्हणाल्या, "मला वाटलं तू घेतेस."

पूनम बाहेरून ओरडली, "काकू, बॉल आहे की पुरणपोळी? आग्रह कसला करताय?"

पूनम आमची कोच. सी विंगमध्ये राहते, शाळेत पी.टी. शिकवते, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी.

थ्रोबॉल दिसतो सोपा. दोन्ही हातांनी झेलायचा, तीन सेकंदांत एका हाताने, खांद्याच्या वरून पलीकडे टाकायचा. झेलणारी एकच. दोघींचे हात लागले की पॉइंट गेला. म्हणजे कोण घेणार हे बॉल हवेत असतानाच ठरायला हवं. आमच्यात ते जमिनीवर पडल्यावर ठरतं.

६ जाने.

जिन्यात पूनम भेटली. घाटकोपरची स्पर्धा २५ला. सात जणींत वहिनी नसतील, असं तिच्या मनात आहे. "गुडघा बघा ना त्यांचा. हलता येत नाही. सब ठेवते, बदली खेळाडू."

वहिनी साठीच्या. माझ्या मोठ्या जाऊबाई, समोरचंच दार. ही टीम त्यांनी काढली. शाळेत असताना मालवणला खेळायच्या. खेळ म्हणे मूळचा परदेशी. स्वातंत्र्याच्या आधी मद्रासला उतरला, तिथल्या बायकांनी उचलला. मालवणपर्यंत कसा पोचला, कुणाला ठाऊक नाही. मुलुंडला मात्र वहिनींनी आणला. पार्किंगवाल्यांशी भांडून मैदान राखलं, पहिली चुन्याची रेघ स्वतः मारली.

मी म्हटलं, "बॉल त्यांच्यामुळे पडत नाहीत."

"मग कुणामुळे?"

मी पुढच्या पायऱ्या चढू लागले.

९ जाने.

पूनमने मोबाईलवर रविवारचा सामना दाखवला. एक सोडून मधे पडलेले सगळे बॉल माझ्या बाजूला. वहिनी आपल्या जागी उभ्या. मी धावते, त्यांच्याजवळ पोचते आणि थांबते. दारात दोघी एकदम आलो की थांबते, तशी.

संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग घे ना. माका कित्याक इचारतंस?"

रागावल्या की मालवणी. मग नेहमीच्या आवाजात: "घरात मान दे, भरपूर दे. तिथे पॉइंट जातो गं."

१४ जाने., संक्रांत

सराव नाही. वहिनींकडे हळदीकुंकू. वाण म्हणून टीममधल्या सगळ्यांना गुडघ्याचे पट्टे. शेजारच्या जोशीकाकूंनी ते उलटसुलट करून पाहिले. "हे कशात ठेवायचं?"

वहिनी: "पायात."

१८ जाने., रवि.

"माझा" म्हणण्याचा सराव. पूनम मधे टाकते, जिला घ्यायचाय तिने ओरडायचं. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. इथे पहिल्यांदा निघालं ते "माझा का?" सगळ्या हसल्या. मीही.

तासाभराने निघाला. खरा, पोटातून. त्या नादात वहिनींच्या खांद्याला धडकले, त्या खाली बसल्या. मी वाकले.

"सॉरी म्हणालीस तर बघ."

पूनमचा निकाल: दोघी खेळतील. पण २५ला एक जरी बॉल मधे पडला, तर वहिनी बाहेर. उरलेली स्पर्धा बाकावर. मी म्हटलं, चूक माझी आणि शिक्षा त्यांना? "काकू, तुम्ही धावता. त्या नाही."

वहिनी म्हणाल्या, "बरोबर बोलली पोरगी."

२५ जाने., रवि.

घाटकोपर. रात्री लिहितेय. हात दुखतायत, अक्षर वाईट.

पहिली मॅच सहज. दुसरी सेमीफायनल, घाटकोपरच्याच बायकांशी. सातही जणी सतत ओरडतात, "मेरा, मेरा!" बॉल त्यांच्याकडे नसला तरी. त्या कोपऱ्यात टाकत नाहीत. दोघींच्या मधे टाकतात आणि मग दोघींचे चेहरे बघतात. आमचे लगेच ओळखले.

पहिला आला. ओरडले, घेतला. दुसरा वहिनींच्या कपाळासमोरून घेतला. त्या जागच्या हलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "हां." एवढंच. मला कुणी एवढं मोठं काही म्हटल्याचं आठवत नाही.

मग तिसऱ्या सेटमध्ये एक बॉल उंच, सरळ त्यांच्यावर. सवयीने मी ओरडले, "माझा!" आणि त्याच क्षणी त्या ओरडल्या, "माझा!" चार हात एका बॉलवर. पॉइंट गेला.

वहिनी सगळ्यांदेखत: "तो माझा होता! तू तुझे घे. माझे घेऊ नको!"

सबंध मैदान ऐकत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी कशालाही माझं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मैदानालाही त्या आपलं म्हणायच्या.

पूनमकडे पाहिलं. बॉल मधे पडला नव्हता. असं काही होईल हे तिच्या अटीत नव्हतंच. ती तोंडावर टॉवेल धरून हसत होती. वहिनींना काढलं नाही.

शेवटचे दोन पॉइंट त्यांच्या थ्रोवर. हात वरून येतो, समोरची लांबच्या बॉलसाठी मागे सरकते, आणि बॉल नेटच्या जरा वरून जाऊन पुढच्या ओळीच्या पायाशी. खाली वाकायला वेळच मिळत नाही. घाटकोपरची कॅप्टन येऊन त्यांच्या पाया पडली. "आंटी, ये कैसे करते हो?" वहिनी: "कांदा पोह्यात टाकतात तसा." तिला कळलं नाही. मलाही नाही.

फायनल पुढच्या रविवारी. आमची पहिली.

२८ जाने.

वहिनींचा गुडघा सुजलाय. बर्फ लावतात आणि नाही म्हणतात. पूनमने फायनलच्या सात जणी अजून सांगितलेल्या नाहीत. मी विचारलं नाही. विचारलं तर त्यांच्यासाठी बोलेन, आणि ते त्यांना चालणार नाही.

संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. "खडू आण." आमच्या दोन दारांमधल्या जागेत त्यांनी रेघ मारली. अलीकडचे बॉल माझे, पलीकडचे त्यांचे. रेघ सरळ सरळ माझ्या बाजूला सरकलेली.

"वहिनी, एवढं तुम्हाला जमणार नाही."

"कोण म्हणतं?"

"गुडघा म्हणतो."

"तुझा हात म्हणतो. हावरट झालीस तू."

मी पुसून मधे मारली. त्यांनी ती पुसली. जोशीकाकूंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. आमचा आवाज चढलेला. इतक्या वर्षांत पहिलं भांडण, आणि मला फार बरं वाटत होतं.

पूनम वर आली. हातात मोबाईल, चेहरा गंभीर. म्हणाली, "काकू, नावं सांगायला आलेय."

वहिनी एक हात भिंतीला धरून वाकलेल्या, दुसऱ्यात खडू. वर न बघता म्हणाल्या, "थांब गो. आधी ह्यां मिटांदे."

पूनम पायरीवर बसली.